मदत हवी: ग्रोव्हर (क्वांटम संगणकाची शोधायची रीत) लॅपटॉपवर साध्या लूपपेक्षा हळू का?

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आहे, रावेर-सावद्याहून निघणाऱ्या केळीच्या ट्रकांचा मार्ग ठरवणं. सुरुवातीला किस्किटच्या (क्वांटम प्रोग्रॅमिंगचं पायथन पॅकेज) एअर (Aer) सिम्युलेटरवर 20 क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम बिट) ग्रोव्हर लावला, म्हणजे 10,48,576 पर्यायांतून एक शोधायचा. पायथनचा लूप सेकंदाच्या आत मोकळा होतो, ग्रोव्हर संपता संपत नाही. 30 क्युबिटला मेमरीच पुरत नाही. रॅम 8 जीबी. मग क्वांटम वेगवान म्हणतात तो कुठे?

शेवभाजी (जळगाव):
भाऊ, तू क्वांटम संगणक चालवतच नाहीयेस! सिम्युलेटर 2^20 आकडे मेमरीत धरतो आणि प्रत्येक गेटला (क्युबिटवरची एक क्रिया) ती अख्खी यादी चाळतो. फेऱ्या साधारण 804 (π/4 × √N, N म्हणजे एकूण पर्याय), प्रत्येकीत शेकडो गेट. एका आकड्याला 16 बाइट, म्हणून 30 क्युबिटला 16 जीबी लागतात. तुझी हद्द 28, सिंगल प्रिसिजन (आकड्याला 8 बाइट) केलंस तर 29.

सेकंद मोजू नकोस, ओरॅकल (पर्याय बरोबर की चूक ते सांगणारा भाग) किती वेळा बोलावला ते मोज. लूपला सरासरी सव्वापाच लाख वेळा, ग्रोव्हरला 804. आलेख याचाच काढ. आणि आधी 3 क्युबिटवर तपास: 2 फेऱ्यांना बरोबर उत्तर यायची शक्यता 94.5 टक्के, तिसरी दिलीस की थेट 33. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त खात्री, असं इथे नाही.

तापीकाठ:
मग क्लाउडवरच्या खऱ्या मशीनवर टाकू का?

कळण्याची भाकर (धुळे):
3 क्युबिटचा टाक, 20 चा नको. दोन क्युबिटच्या गेटला 0.5 टक्के चूक धरली तरी 1000 गेट बिनचूक जायची शक्यता 0.7 टक्क्याच्या आत. तुझे गेट तर लाखाच्या घरात, हाती नुसता गोंगाट येईल.

गेटमागे गेट धरलं तर क्वांटमच हळू आहे. 3 गिगाहर्ट्झ सीपीयूचं एक आवर्तन 0.33 नॅनोसेकंदाचं, सुपरकंडक्टिंग क्वांटम मशीनवर दोन क्युबिटच्या गेटला दहा-वीसपासून काही शे नॅनोसेकंद. फायदा होतो तो पायऱ्या कमी लागतात म्हणून, तोही ठरावीक कामांत. शोरच्या 1994 च्या (मोठ्या संख्येचे अवयव पाडायच्या) रीतीत प्रचंड, ग्रोव्हरच्या 1996 च्या रीतीत वर्गमुळापुरता.

गूगलच्या 2019 च्या सिकॅमोर क्वांटम चिपचे 200 सेकंद विरुद्ध सुपरकॉम्प्युटरची 10,000 वर्षं प्रस्तावनेत ठोकू नकोस, सगळेच ठोकतात. ते यादृच्छिक सर्किटचं काम होतं, आणि आयबीएमने तेव्हाच ते सुपरकॉम्प्युटरवर अडीच दिवसांत होईल असं सांगितलं होतं.

शेवभाजी:
ट्रकसाठी 4 थांबे आणि क्यूएओए (QAOA, चांगला पर्याय निवडायची क्वांटम रीत) घे. पहिला थांबा पक्का केलास तर 16 ऐवजी 9 क्युबिटांत बसतं. क्रम फक्त 6, उत्तर कागदावर ताळून बघता येईल.