अ‍ॅक्शन नेमबाजीसाठी रिव्हॉल्व्हर: सहा घरे की आठ, आणि ट्रिगर किती हलका करावा?

लक्ष्यवेधी

नमस्कार. गेली काही वर्षे मी कागदी लक्ष्यावर संथ आणि अचूक नेमबाजी करत आलो आहे. आता आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या पद्धतीच्या सामन्यांत रिव्हॉल्व्हर विभागात उतरण्याची माझी तयारी सुरू आहे. माझ्याकडे सहा घरांचे (म्हणजे सिलिंडरमध्ये सहा काडतुसे मावणारे), पोलादी, .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे. ते मी वापरलेले घेतले होते. त्यात मी .38 स्पेशल काडतुसे वापरतो आणि ती स्पीडलोडरने, म्हणजे सगळी काडतुसे एकदम घरांत सोडणाऱ्या साधनाने, भरतो.

डबल अ‍ॅक्शनमध्ये (एकाच ओढीत हॅमर मागे जाऊन सुटतो तेव्हा) ट्रिगरची ओढ मुळात सुमारे 11 पाउंडांची होती. मुठीच्या पुढच्या बाजूला असलेला, मेनस्प्रिंगच्या (हॅमर पुढे आपटणाऱ्या स्प्रिंगच्या) पट्टीवर दाब देणारा स्क्रू थोडा सैल करून आणि ट्रिगर परत आणणारी रिबाउंड स्प्रिंग हलकी बसवून मी ती साडेसहा पाउंडांवर आणली. हाताला ती अतिशय सुखद वाटते. परंतु आता साठ गोळ्यांत दोन-तीन वेळा काडतूस उडतच नाही, आणि अशा काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या पेट घेणाऱ्या टोपीवर) पिनने पाडलेला खळगा उथळ दिसतो. शिवाय सलग वेगाने गोळ्या झाडताना कधी कधी ट्रिगर मध्येच अडकतो.

माझे प्रश्न दोन आहेत. स्पर्धेसाठी आठ घरांचे रिव्हॉल्व्हर घ्यावे की आहे त्यावरच मेहनत करावी? आणि काडतुसे न उडण्याची तक्रार टाळून ट्रिगर कितपत हलका ठेवता येतो?

सहाघरी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कोणत्या नियमांखाली खेळणार आहात यावर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून आहे, म्हणून खरेदीच्या आधी नियमपुस्तक वाचावे. यूएसपीएसए या अमेरिकी संघटनेने 2014 मध्ये रिव्हॉल्व्हर विभागात आठ घरांना परवानगी दिली, परंतु आठ गोळ्या भरणाऱ्याचे गुण ‘मायनर’ने (कमी ताकदीच्या काडतुसांच्या दराने) मोजले जातात, ‘मेजर’ (जास्त ताकदीचा दर) हवे असेल तर सहाच गोळ्यांवर राहावे लागते. तिथे गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले तिचा फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार, हा आकडा मायनरसाठी किमान 125 आणि मेजरसाठी 165 लागतो. आयपीएससीमध्ये मेजरची मर्यादा 170 आहे. उदाहरणार्थ, 160 ग्रेनची गोळी 800 फूट वेगाने गेली तर आकडा 128 येतो आणि मायनर आरामात साधते, तर .45 एसीपीची 230 ग्रेनची गोळी 750 फूट वेगाने 172.5 देते. मेजरचा फायदा लक्ष्याच्या कडेच्या विभागांत दिसतो, कारण ‘सी’ला तीनऐवजी चार आणि ‘डी’ला एकाऐवजी दोन गुण मिळतात, मधल्या ‘ए’ला मात्र दोन्हीकडे पाचच.

आता हा हिशेब मैदानावर मांडून पाहा. यूएसपीएसएच्या रचनेत एका जागेवरून जास्तीत जास्त आठ गोळ्या लागतील असा टप्पा असू शकतो. आठ घरे असतील तर तुम्ही तो टप्पा संपवता आणि पुढच्या जागेकडे धावत असताना रिव्हॉल्व्हर भरता. सहा घरे असतील तर त्याच जागी उभे राहून, लक्ष्ये समोर दिसत असताना, भरावे लागते आणि एकही गोळी वाया घालवण्याची मुभा उरत नाही. उभ्या उभ्या घालवलेला तो वेळ मेजरचे जादा गुण भरून काढत नाहीत, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. म्हणूनच स्मिथ अँड वेसनची 627 आणि 9 मिलिमीटरची 929 ही आठ घरांची मॉडेले, आणि रूगरचे सुपर जीपी100, या खेळात इतकी दिसतात.

तरीही आज लगेच नवे रिव्हॉल्व्हर घेऊ नका. आयकोर या फक्त रिव्हॉल्व्हरच्या संघटनेच्या सामन्यांत ‘क्लासिक’ हा विभाग सहा घरे, साधी साइट आणि स्पीडलोडर यांच्यासाठीच राखलेला आहे, आणि आयडीपीए या बचावात्मक नेमबाजीच्या संघटनेमध्येही रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच काडतुसे भरतात. तुमचे आहे ते शस्त्र तिथे कोणापेक्षाही उणे नाही. एक हंगाम त्यावर काढलात तर भरण्याची सवय बसेल, आणि मग आठ घरांचे घेताना नेमके काय हवे ते तुम्हाला स्वतःलाच सांगता येईल.

कानसकाम

मी दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. रिव्हॉल्व्हरच्या अंतर्गत कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रथम तोच स्क्रू सैल केलेला असतो.

तो स्क्रू वजन कमी-जास्त करण्यासाठी नाही. तो पूर्ण आवळलेलाच असायला हवा, कारण अर्धवट सैल स्क्रू प्रत्येक धक्क्याबरोबर आणखी फिरत जातो आणि सकाळी साडेसहा पाउंडांवर असलेली ओढ दुपारी सहावर आलेली असते. म्हणजे सरावाच्या दिवशी सगळी काडतुसे उडतात आणि सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात उडत नाहीत. ओढ कमी करायची असेल तर कमी ताकदीची मेनस्प्रिंग बसवावी आणि स्क्रू तळापर्यंत आवळावा.

ट्रिगर मध्येच अडकण्याचे कारण वेगळे आहे. रिबाउंड स्प्रिंग ट्रिगरला पुढे परत ढकलते. ती फार हलकी झाली की ट्रिगर बोटामागे रेंगाळतो, तुमचे बोट तो पूर्ण पुढे येण्याआधीच पुन्हा ओढू लागते, आणि मग एकतर यंत्रणा अडते किंवा सिलिंडर एक घर न झाडताच पुढे सरकतो. वेगवान नेमबाजाला ओढीच्या हलकेपणापेक्षा परतीचा जोर अधिक उपयोगी पडतो. रिव्हॉल्व्हरचे नामांकित अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी 1999 मध्ये आठ गोळ्या एका सेकंदात आणि बारा गोळ्या, मध्ये पुन्हा भरून, 2.99 सेकंदांत झाडल्या. त्या वेगाला ट्रिगर प्रत्येक वेळी बोटाच्या आधी पुढे पोहोचावाच लागतो. मूळची रिबाउंड स्प्रिंग साधारण 18 पाउंडांची असते. 14 किंवा 15 पाउंडांच्या खाली जाण्याचा सल्ला मी नवख्याला देत नाही.

उथळ खळग्याला मात्र तिसरेही कारण असू शकते आणि ते तपासल्याशिवाय स्प्रिंगांवर खर्च करू नका. रिव्हॉल्व्हर रिकामे करा, प्रत्येक घर डोळ्यांनी पाहा, पुन्हा एकदा पाहा, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. मग सिलिंडर बंद करून तो दोन बोटांत धरा आणि पुढे-मागे हलवून बघा. फीलर गेजच्या ठराविक जाडीच्या पात्यांनी नळी आणि सिलिंडर यांमधली फट दोनदा मोजा: एकदा सिलिंडर पुढे दाबून, एकदा मागे दाबून. दोन्ही मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची लांबीतली ढिलाई, जिला आम्ही एंडशेक म्हणतो. ही ढिलाई जास्त असेल तर पिनचा घाव प्रायमर फोडण्याआधी संपूर्ण सिलिंडरच पुढे ढकलण्यात खर्ची पडतो. 0.05 मिलिमीटरपर्यंतचा फरक मला चालतो, त्यापुढे नाही.

त्याच वेळी टायमिंगही, म्हणजे प्रत्येक घर वेळेवर नळीसमोर येऊन अडकते का तेही, पाहा. सिलिंडरवर एका बोटाचा हलका अडसर ठेवून ट्रिगर अतिशय सावकाश ओढा. हॅमर सुटण्याआधी सिलिंडर अडकल्याचा ‘टक्’ असा आवाज आलाच पाहिजे. सहाही घरांसाठी स्वतंत्रपणे हे करा, कारण एखादेच घर मागे राहिलेले असू शकते. एकही घर उशिरा लागत असेल तर ते शस्त्र झाडू नका आणि थेट जाणकार कारागिराकडे द्या. आतल्या भागांवर घरी कानस लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लक्ष्यवेधी

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. स्क्रू हाताने फिरेल इतका सैल निघाला. मी तो एकच फेरा सोडला होता, आता जवळपास अडीच फेरे आवळावा लागला. फट मागे दाबून 0.23 मिलिमीटर आणि पुढे दाबून 0.13 मिलिमीटर आली, म्हणजे फरक 0.10. टायमिंग सहाही घरांत ठीक आहे. स्क्रू पूर्ण आवळल्यावर ओढ साडेनऊ पाउंडांवर गेली आहे, आणि खरे सांगायचे तर ती मला जड वाटते.

कानसकाम

0.10 ही ढिलाई तुमच्या तक्रारीत नक्कीच भर घालत आहे. सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्यावर बसवायच्या पातळ पोलादी चकत्या मिळतात. त्या बसवून ढिलाई भरून काढणे कारागिराला तासाभराचे काम आहे. हे झाल्यावर तीच मेनस्प्रिंग जास्त खोल खळगा पाडू लागेल, आणि मग कमी ताकदीची पट्टी व पूर्ण आवळलेला स्क्रू या जोडीने आठ पाउंडांच्या आसपास विश्वासाने येता येईल. त्याखाली उतरण्याआधी हॅमरचा मागचा स्पर (अंगठ्याने ओढायचे टोक) कापून त्याचे वजन कमी करणे आणि थोडी लांब फायरिंग पिन बसवणे हे दोन मार्ग आहेत. हलका हॅमर वेगाने पडतो आणि तो वेग प्रायमरला मानवतो. ट्रिगरचा पुढचा भाग खाचांचा असेल तर तो गुळगुळीत करून घ्या. डबल अ‍ॅक्शनमध्ये बोट ट्रिगरवर किंचित सरकत असते आणि खाचा ते अडवतात.

चंद्रकोर

चर्चा स्प्रिंगांभोवती चालली आहे; मला काडतुसांविषयी लिहायचे आहे, कारण हलक्या ट्रिगरचे निम्मे यश काडतुसे स्वतः तयार करण्याच्या टेबलावर ठरते. सर्व प्रायमर सारखे नाजूक नसतात. फेडरलचे प्रायमर सर्वांत सहज पेटतात आणि सीसीआयचे कठीण असतात, म्हणून सहा-सात पाउंडांची रिव्हॉल्व्हर बाळगणारे बहुतेक स्पर्धक पहिलेच वापरतात. कोणताही प्रायमर असो, तो घरट्याच्या तळाला टेकेपर्यंत बसवलेला असला पाहिजे. वर राहिलेल्या प्रायमरचा पहिला घाव त्याला फक्त खाली बसवतो आणि दुसऱ्या घावाला तो उडतो. तुमची न उडालेली काडतुसे दुसऱ्या खेपेला उडत असतील तर हेही तपासा. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर पृष्ठभागाच्या किंचित खाली लागला पाहिजे.

पुढे कधी आठ घरांचे घेतलेत तर मून क्लिप, म्हणजे सगळी काडतुसे एकत्र धरणाऱ्या चकत्या, ओघाने येतीलच. त्या पातळ पत्र्याच्या असतात आणि एखादी जराशी वाकली तरी सिलिंडर जड फिरतो, ट्रिगर एकदम दुप्पट जड लागतो. मी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, नेमबाजीच्या मैदानावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, प्रत्येक भरलेली क्लिप रिव्हॉल्व्हरच्या उघड्या सिलिंडरमध्ये टाकते आणि सिलिंडर बोटाने फिरवते; जी क्लिप स्वतःच्या वजनाने खाली बसत नाही किंवा बुडे डोलताना दिसतात, ती सरावाच्या डब्यात जाते. 627 वापरणारे पुष्कळ जण .38 शॉर्ट कोल्टच्या पुंगळ्या वापरतात, कारण आखूड पुंगळी इजेक्टरच्या एका फटक्यात पूर्ण बाहेर पडते. मात्र त्या पुंगळीत दारूसाठी जागा कमी असते, तेव्हा .38 स्पेशलचे माप तिच्यात कदापि भरू नये.

आणखी एक सवय आत्तापासूनच लावा. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करा आणि इजेक्टर रॉडवर तळहाताचा एकच ठाम फटका द्या. नळी आडवी ठेवून हळूच दाबले तर न जळलेल्या दारूचे कण इजेक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) पडतात, चांदणी केसभर वर राहते, आणि पुढच्या सहा गोळ्यांत सिलिंडर घासत फिरतो. तुम्ही ज्याला ट्रिगर अडकणे म्हणता त्यातले काही प्रसंग यामुळेही घडले असतील. चांदणीखाली कोरडा दातांचा ब्रश फिरवून पाहा.

लक्ष्यवेधी

चांदणीखाली खरोखरच पिवळसर कणांचा थर निघाला, आणि शिल्लक काडतुसांपैकी चारांचे प्रायमर बोटाला वर लागले. ती बाजूला काढली आहेत. रिव्हॉल्व्हर चकत्या आणि मूळ ताकदीच्या जवळची रिबाउंड स्प्रिंग बसवण्यासाठी कारागिराकडे सोपवले आहे. पहिला सामना आयकोरच्या क्लासिक विभागात, स्पीडलोडरनेच खेळेन. तोवर शस्त्र हाती नसल्यामुळे कमरेच्या पट्ट्यावरून लोडर उचलण्याचा सराव तेवढा चालू ठेवतो आहे.