रिफंडच्या बदल्यात एक स्टारचा रिव्ह्यू काढून टाकावा का?

भटकी_सावली:
कामासाठी खुर्ची ऑनलाइन मागवली होती, तिसऱ्याच आठवड्यात मी बसलेली असताना एक चाक निखळलं, पडता पडता वाचले. विक्रेत्याला दोन मेल केले, उत्तर नाही, मग रात्री रागाच्या भरात एक स्टार दिला आणि लिहिलं 'चोर आहेत, घेऊ नका'. सकाळी मालकाचाच फोन. ताई छोटा धंदा आहे, सगळे पैसे परत देतो, फक्त तेवढा रिव्ह्यू काढा. पैसे तर मला हवेतच, पण माझ्यानंतर दुसरं कोणी पडलं तर? आणि खरं सांगते, 'चोर' हा शब्द आता मलाच टोचतोय. काय करू?

जुनं_वहीपान:
पैसे घ्या, अट मानू नका. खराब मालाचे पैसे परत देणं म्हणजे उपकार नव्हेत, ते तो देणंच लागतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये नियम केला की चांगलंच लिहा किंवा वाईटच लिहा अशा अटीवर मोबदला द्यायचा नाही. तुमची केस अगदी तीच नाही, पण दुखणं तेच, रिव्ह्यू विकत घेतला जातोय.

कडूलिंब:
अट चूक हे मान्य, पण त्या माणसाची भीती खोटी नाहीये. मी एका छोट्या विक्रेत्याकडे रिव्ह्यूंना उत्तरं द्यायचं काम केलंय, तिथे एक स्टार आला की दिवसभर कोणाचं कामात लक्ष लागायचं नाही. हिशोब बघा, बारा रिव्ह्यू आणि सरासरी ४.५ असेल तर तुमच्या एका स्टारने ती ४.२ वर येते. मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिएटलच्या रेस्टॉरंट्सचा अभ्यास केला, त्यात येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं दिसलं, आणि ते स्वतंत्र रेस्टॉरंट्सचं, मोठ्या साखळ्यांना फरक पडत नव्हता. म्हणजे मार लहानालाच बसतो. त्यात लिहिणारे बहुतेक दोन टोकांचे, खूश झालेले नाहीतर भडकलेले, ज्याचं ठीकठाक चाललंय तो कशाला लिहायला बसतोय.

सायली_टिपणं:
म्हणूनच काढू नका, बदला. 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात २०१३ साली एक प्रयोग आला होता, एका साइटवरच्या कॉमेंट्सना मुद्दाम एक सुरुवातीचं चांगलं मत दिलं तर शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरला, वाईट मत दिलेल्यांना मात्र नंतरच्या लोकांनी सावरून घेतलं. कौतुक आपोआप फुगतं, त्यात खरी तक्रारही गायब झाली तर पुढच्याने कशावर विश्वास ठेवायचा? फक्त 'चोर' काढा. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलेलं नाही, तुम्हाला दिसलं ते निखळलेलं चाक. चाक कधी गेलं, किती मेल केले, फोन कधी आला, एवढंच लिहा.

भटकी_सावली:
थँक्यू सगळ्यांना. आधी मालकाला फोन केला, म्हटलं काढणार नाही पण शब्द बदलते. तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला चाकाचा फोटो पाठवा, त्या लॉटच्या बाकीच्या खुर्च्या बघतो. रिव्ह्यूत आता तारखा आणि फोटो आहे, 'चोर' नाही, स्टार एकच ठेवलाय. पैसे अजून आले नाहीत, आले की तेही त्यात लिहीन.