मदत हवी आहे : विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरासाठी जागा आणि माणसं

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरतंय. गोव्यात सत्तरी किंवा डिचोली भागात तीसेक मुलांना सामावून घेणारी, माफक भाड्याची एखाद्या देवस्थानची अग्रशाळा (देवळाच्या आवारातली भाविकांच्या मुक्कामाची जागा) कुणाला माहीत आहे का? रिसॉर्ट नको. गेल्या खेपेला एका रिसॉर्टवर ‘लीडरशिप’च्या स्लाइड्स बघून पोरं जांभया देत बसली, खरं बोलणं झालं ते रात्री नळावर, ताटं घासताना. ‘कॉलेजात मी एकटीच आहे असं वाटायचं,’ असं पेडण्याची एक मुलगी तिथंच बोलली.

दुसरं, वक्ते नकोत, अनुभव सांगणारी माणसं हवीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बसच्या अर्ध्या तिकिटासाठी गोव्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि सवलत मिळवलीच. त्यातलं कुणी ओळखीचं आहे का? आता आजी-आजोबा झाले असतील! नोव्हेंबर 2020 मध्ये दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध रात्रभर रुळांवर बसलेले तरुण आले तर फारच छान.

आणि हो, शीतकडीचा, म्हणजे कढी-भाताचा, स्वयंपाक घाऊक प्रमाणात करणारं कुणी असेल तर तेही कळवा. अग्रशाळेत शाकाहारच चालेल ना?