मदत हवी आहे: १२०० एमबीपीएस प्लॅनसाठी स्वतःचा केबल मोडेम (न्यू जर्सी)

इंटरनेट कंपनीच्या मोडेमचं भाडं थांबवायचंय. डॉक्सिस ३.१ (केबल इंटरनेटचं मानक) चाच घ्यायचा आणि इथरनेट पोर्ट २.५ गिगाबिटचा, कारण १ गिगाबिटच्या पोर्टवर वेग ९४० एमबीपीएसच्या आसपास अडतो. प्यूमा ६ चिपचे स्वस्त जुने मोडेम नकोतच, त्यांत लॅटन्सी (प्रतिसादाला लागणारा उशीर) मध्येच उसळते. ॲरिस एस३३ आणि मोटोरोला एमबी८६११ यांत निवड अडकलीय.

खरा प्रश्न अपलोडचा आहे. या भागात मिड-स्प्लिट आलंय, म्हणजे अपस्ट्रीम (अपलोडचा सिग्नल) ४२ ऐवजी ८५ मेगाहर्ट्झपर्यंत. पण मोडेम ८५ ला चालत असला तरी कंपनीने ते मॉडेल त्यासाठी मंजूर केलेलं नसेल तर वाढीव अपलोड मिळत नाही. या दोन्हींपैकी एकावर कुणाला तो प्रत्यक्ष मिळतोय का?

दुसरं, १९२.१६८.१००.१ वर (मोडेमचं स्वतःचं माहिती-पान) सध्या डाउनस्ट्रीम (डाउनलोडचा सिग्नल) −९ डीबीएमव्ही, एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) ३४ डीबी आणि अपस्ट्रीम ५१ डीबीएमव्ही दिसतंय. कोॲक्स (मोडेमपर्यंत येणारी केबल) वाटेत चार तोंडांच्या स्प्लिटरमधून येते, तिथेच साधारण ७ डीबी जातात. तो काढून सरळ जोडणी केली तर −२ आणि ४४ यायला हवेत. तरीही आकडे सुधारले नाहीत तर आधी काय तपासावं, एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाची फिरकीची जोडणी) की बाहेरचा ग्राउंड ब्लॉक (केबल जिथे अर्थिंगला जोडतात तो तुकडा)?