ऊलाँग : एक बेचव, दुसरा कडू का लागतो?

प्रश्न (लातूर):
तिग्वानयिन आणि दा होंग पाव हे दोन चिनी ऊलाँग (अर्धवट ऑक्सिडीकरण केलेले चहा), दोन्ही बोअरच्या पाण्यात ३ मिनिटं उकळले. वर तवंग आला, वास काहीच नाही. चुकतंय कुठं?

उत्तर (परभणी):
आधी पाणी बदला. आपल्याकडच्या जड पाण्यातला कॅल्शियम चहातल्या पॉलिफेनॉलला (तुरटपणा देणाऱ्या घटकांना) धरतो, त्याचाच तो तवंग. आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी मिसळा. नुसत्या आरओत चव सपाट पडते. आणि पत्ती उकळायची नाही हो! १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम. पहिलं पाणी ५ सेकंदांत ओतून द्या, मग त्याच पत्तीवर नवं पाणी २० सेकंद ठेवा, पुढं दर नव्या पाण्याला १० सेकंद वाढवा. तिग्वानयिनच्या घट्ट गोळ्या दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात उलगडतात, खरी चव तिथं. भांड्याचं झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूचा वास घ्या, फुलांचा येतो. दा होंग पाव कोळशावर भाजलेला, त्यावर ओतायला खळखळतं पाणीच लागतं.

उत्तर (नांदेड):
भर एवढीच: घोट जिभेवर फिरवून गिळा आणि थांबा. चांगल्या ऊलाँगचा गोडवा घशात मागून येतो. तैवानचा ओरिएंटल ब्यूटी हा ऊलाँग मात्र ८५–९० अंशांच्या पाण्यात करा. तुडतुड्यांनी चावलेल्या पानांमुळं त्याला मधाचा वास असतो. दूध-साखर कशातच नको.