तिसरी-चौथीसाठी ‘पाणी’ हा घटक अनेक शाळांनी मिळून कसा रचावा?

प्रश्न : शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा, रत्नागिरी जिल्हा

सर्वांना नमस्कार. रत्नागिरी, सातारा आणि यवतमाळ या जिल्ह्यांतील आम्ही सात शिक्षक उन्हाळी सुट्टीपासून एका सामाईक गूगल डॉकमध्ये तिसरी-चौथीसाठी घटक रचत आहोत. बहुतेकांकडे दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, त्यामुळे भाषा, गणित आणि परिसर अभ्यास एकत्र गुंफणारा घटक हाताशी असला की वेळ वाचतो आणि मुलेही रमतात, असा आमचा अनुभव आहे. अडचण अशी झाली आहे की बाजार, पक्षी, सण, पाणी, वाहने अशी विषयांची यादी वाढत गेली, प्रत्येकाने तिच्याखाली आपापल्या कृती नोंदवल्या आणि आता ती फाइल उघडली तर सोमवारी वर्गात नेमके काय घ्यायचे, हे कोणालाच उमगत नाही. जूनसाठी आम्ही ‘पाणी’ निवडले आहे. परंतु त्या दिवसांत माझ्या शाळेमागचा वहाळ दुथडी भरून वाहत असतो आणि साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील सहकाऱ्यांच्या गावी टँकरची वाट पाहिली जाते. सर्वांसाठी एकच टाचण लिहावे तरी कसे? सुरुवात अध्ययन निष्पत्तींपासून, म्हणजे शेवटी मुलांना काय यायला हवे त्यापासून करावी, की कृतींपासून?

उत्तर : सेवानिवृत्त केंद्रप्रमुख

बाई, सुरुवात प्रश्नापासून करा. ‘पाणी’ हे घटकाचे नाव झाले, पण मुलांना ज्याचा शोध घ्यावासा वाटेल असे त्यात अजून काही नाही. ‘आपल्या घरी एका दिवसाला किती पाणी लागते आणि ते कोण भरते?’ हा प्रश्न कोकणातल्या मुलालाही विचारता येतो आणि माणदेशातल्या मुलालाही. उत्तरे मात्र वेगळी येतील, आणि शिकण्याजोगे जे आहे ते त्या वेगळेपणातच आहे. ‘कोण भरते’ हा भाग कृपा करून गाळू नका. आई आणि थोरली बहीण यांची नावे तक्त्यात पुन्हा पुन्हा येऊ लागली की मुले स्वतःहून बोलू लागतात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा मुले जिथे होती तिथे शाळा गेली आणि आजूबाजूला जे होते त्यातूनच शिकणे घडले. कोसबाडचे कुरण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, ती दृष्टी मात्र नेता येते. म्हणून प्रश्न, नोंदीचा तक्ता आणि मोजण्याची रीत एवढेच सामाईक ठेवा. कृती ज्याच्या त्याच्या गावावर सोडा. अध्ययन निष्पत्ती त्यानंतर चाळणीसारख्या वापराव्यात. ज्या कृतीतून एकही निष्पत्ती साधत नाही, ती कितीही गोड असली तरी काढून टाकावी.

उत्तर : शिक्षक, माण तालुका

मोजण्याची रीत सामाईक हवी, या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण तिच्यावाचून गेल्या वर्षी आमचे सगळे काम फुकट गेले. आमच्याकडे वर्षाला ५०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि कोकणात ३००० मि.मी.च्या आसपास, हे आकडे नुसते वाचून मुलांना काहीच वाटत नाही. म्हणून दोन शाळांनी पर्जन्यमापक करून रोजचे आकडे एकमेकांना कळवायचे ठरवले. आम्ही सरळ उभ्या कडांचा डबा घेतला. दुसऱ्या शाळेने बाटलीवर तिच्यापेक्षा बरेच रुंद नरसाळे बसवले, त्यामुळे त्यांचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त भरला, आणि ही चूक लक्षात येईपर्यंत तीन आठवडे गेले होते. तेव्हा सूचना स्पष्ट लिहा : तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचा डबा, झाडापासून आणि पत्र्याच्या कडेपासून दूर, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खातेही त्याच वेळी मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवते, म्हणून तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येते. शाळा भरण्यापूर्वीची ही नोंद आमच्याकडे शेजारच्या घरातली चौथीची मुलगी घेत असे.

गणित यातूनच निघते. अंगणात खडूने एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखावा आणि त्यावर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे बरोबर १ लीटर पाणी पडले, हे मुलांना सांगण्याऐवजी मापाने पाणी ओतून दाखवावे. आमच्या वर्गखोलीचा पत्रा ८ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ४० चौरस मीटर भरला. एका रात्री २० मि.मी. पाऊस झाला, तेव्हा फळ्यावर ८०० लीटर हे उत्तर आले. २०० लीटरचे बॅरल मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. मागच्या रांगेतली एक मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, म्हणजे आपल्या डोक्यावरनं चार बॅरल वाहून गेली.” पुढचे दोन दिवस पत्र्याचे पाणी कसे धरता येईल याची चित्रे मुलेच काढत होती, मला वेगळी कृती शोधावी लागली नाही.

उत्तर : शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

दोन व्यावहारिक गोष्टी सुचवते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे सामाईक पंधरवडा जुलैच्या उत्तरार्धात ठेवावा, नाहीतर आमची मुले आरंभालाच मागे पडतील.

दुसरी गोष्ट भांड्यांची. तक्त्यात ‘हंडा’ छापले तर आमची मुले ‘गुंड’ म्हणतील, कोणाकडे घागर असेल, कोणाकडे कळशी. शब्द बदलू नका, सगळे गोळा करा. भाषेचा तास तिथेच होतो. मात्र प्रत्येक भांड्यात लीटरच्या किती बाटल्या मावतात, हे मुलांनी आधी ओतून मोजावे. दोन घरच्या हंड्यांची मापे सारखी नसतात.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या फाइलमधील विषयांची यादी मी बाजूला ठेवली आहे. पहिल्या पानावर केंद्रप्रमुख सरांनी सुचवलेला प्रश्न, त्याखाली घरच्या पाण्याचा आणि पावसाचा असे दोन तक्ते आणि मोजण्याच्या सूचना राहतील, आणि त्यापुढे प्रत्येक शाळेचे स्वतःचे पान असेल. पंधरवडा १६ जुलैपासून धरूया. घरच्या पाण्याचा तक्ता तिसरीच्या मुलाला स्वतः वाचून भरता येईल अशा मोठ्या अक्षरांत मी आज रात्री लिहून ठेवते. माणच्या सरांनी डब्याचे छायाचित्र तेवढे जोडावे, म्हणजे नरसाळ्याची चूक पुन्हा होणार नाही.