मिरचीच्या फुलांतले पिवळे आणि काळे किडे एकाच जातीचे का?

प्रश्न (मंचरचा शेतकरी):
आमच्या वीस गुंठे मिरचीत दोन आठवड्यांपासून शेंड्याची पाने आक्रसत असून फुलेही गळू लागली आहेत. फूल तळहातावर झटकले की बारीक, लांबट किडे पळताना दिसतात. त्यांतले काही फिकट पिवळे, तर काही चांगलेच काळपट आहेत. औषधाच्या दुकानात किडे न पाहताच ‘थ्रिप्स’ (म्हणजे फुलकिडे) असे निदान झाले आणि तीन वेगवेगळ्या फवारण्या होऊनही फरक पडला नाही. शेजारच्या वावरात कांदा आहे. तिथलेच फुलकिडे मिरचीवर आले असतील का, आणि हे दोन रंगांचे किडे दोन जातींचे समजावेत का?

प्रतिसाद (नारायणगाव):
पाने आक्रसली आहेत एवढे पुरेसे नाही. ती कोणत्या बाजूला वळली आहेत, ते आधी पाहावे. फुलकिड्यांनी रस शोषल्यास कडा वर वळून पान होडीसारखे दिसते, तर पिवळ्या कोळीने (हा जाळे विणणारा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव) कडा खाली वळतात आणि पान अरुंद होते. आपण दोन्हींना ‘बोकड्या’ म्हणून मोकळे होतो. कोळीला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. आमच्या प्लॉटमध्ये दोन्ही एकाच झाडावर सापडले होते.

प्रतिसाद (शिवाजीनगर, पुणे, कीटकशास्त्राचा जुना विद्यार्थी):
रंगावरून जात ठरवण्याची घाई करू नये. पंख न फुटलेली पिल्ले बहुतेक जातींत फिकट पिवळीच असतात, त्यामुळे तुमचे पिवळे किडे हे काळ्यांचीच पिल्ले असण्याची शक्यता आहे. त्यातच थ्रिप्स पार्विस्पिनस या जातीत मादी गडद तपकिरी आणि नर पिवळा असतो. ही मूळची आग्नेय आशियातली जात भारतात 2015 मध्ये बंगळुरूजवळ पपईवर नोंदवली गेली आणि 2021 मध्ये तिने आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीचे मोठे नुकसान केले. ती मुख्यतः फुलांत दाटीने राहते. आपल्याकडचा नेहमीचा मिरचीवरचा सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस मात्र कोवळ्या पानांवर अधिक आढळतो. म्हणून फुलांतला नमुना आणि शेंड्याचा नमुना वेगळा ठेवावा. कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी बहुभक्षी आहे, पण थंडीत त्याचाही रंग गडद होतो, तेव्हा रंग तिथेही दगा देतो.

जात पक्की करायची तर काचपट्टी करून, म्हणजे किडा काचेच्या पट्टीवर बसवून, सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. सिर्टोथ्रिप्सच्या शृंगिकेला (डोक्यावरच्या मिशीला) आठ खंड असतात, तर टॅबॅसी, पाल्मी (फुलकिड्यांचीच आणखी एक जात) आणि पार्विस्पिनस या तिन्ही जातींत सात. पुढे डोक्यावरील साध्या डोळ्यांजवळचे केस आणि पुढच्या पंखांच्या शिरांवरील केसांची रांग पाहून त्यांना वेगळे करतात. घरच्या भिंगातून हे दिसणार नाही.

मंचरचा शेतकरी:
आज सकाळी वीस पट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पांढऱ्या कागदावर फुले झटकली. काळपट किड्यांना झालरीसारखे पंख असून पंख बुडाशी फिकट दिसतात. पिवळ्यांपैकी बहुतेकांना पंखच नाहीत. शेंड्यावर मात्र किडे थोडे आहेत आणि काही पाने खाली वळली आहेत, त्यामुळे कोळीची शंका खरी दिसते. नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्यायचा विचार आहे.

प्रतिसाद (शिवाजीनगर, पुणे):
गडद पंख आणि फिकट बूड हे पार्विस्पिनसला जुळते, पण शिक्कामोर्तब काचपट्टीवरच होऊ द्या. मऊ कुंचला स्पिरिटमध्ये बुडवून पंख असलेले पंधरा-वीस किडे उचला आणि सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीत टाका. पिल्लांवरून जात ओळखणे फार कठीण जाते. फूल व शेंडा यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. पंखांवर गडद ठिपके असलेला एखादा किडा कोळीच्या घोळक्यात दिसला, तर तो कोळी खाणारा स्कोलोथ्रिप्स असू शकतो, त्याचीही एक बाटली न्या. आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कोणती बाटली फुलातली, हे कोणालाच सांगता येत नाही.